चौकशीला आलेला माणूस

"बी.ए. करायला अमेरिकेला?"

हा प्रश्न मला पहिल्यांदा भाईंदरच्या आमच्या घरी हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईंनी विचारला, आणि पुढची चार वर्षं तो थांबलाच नाही. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. लोक एम.एस. करायला जातात, पीएच.डी.ला जातात, नवऱ्यामागे जातात. बी.ए. तर आमच्या स्टेशनपलीकडेही होत होतं. पूर्ण स्कॉलरशिप मिळालीये, राहणं-खाणं सगळं त्यांच्याकडे, असं आई घाईघाईने सांगायची, तरी समोरच्या चेहऱ्यावरचं 'बिचारी' काही जायचं नाही. मग मी फणकाऱ्याने म्हणायचे, "हो, बी.ए.च. काही त्रास आहे का तुम्हाला?" आई मागून डोळे वटारायची.

आमचं विद्यापीठ लहानसं होतं. सगळीकडे मक्याची शेतं, मध्येच एक गाव, गावात विद्यापीठ, आणि नोव्हेंबर लागला की सगळ्यावर बर्फ. माणसाला सगळं थोडं थोडं यायला पाहिजे, असा तिथे हट्ट होता. त्यालाच ते लिबरल आर्ट्स म्हणायचे. माझा मुख्य विषय अर्थशास्त्र, पण त्यासोबत मी दगडांचा अभ्यास केला, चाकावर मातीची भांडी केली, आणि प्राचीन ग्रीक नाटकांत तर इतकी रमले की दुसऱ्या सत्रातही तोच वर्ग घेतला. फार आवडायचं मला ते. आवडायचं, आणि वर्गातून बाहेर आले की पुढचा हिशोब मांडत बसायचे. बाबा टेलिफोन खात्यात होते आणि माझी पदवी पूर्ण होईल त्याच सुमाराला रिटायर होणार होते. लालबागची खोली विकून घेतलेला भाईंदर वेस्टचा वन बीएचके आणि त्यांची पेन्शन, एवढीच आमची इस्टेट. तिकडे राहायचं तर नोकरी देऊन व्हिसा काढणारा कोणीतरी हवा, आणि तसा कोणी मिळत नव्हता. इकडे परत यायचं तर मडकी आणि नाटकं घेऊन कुठे जायचं?

तिसऱ्या वर्षी वरच्या वर्गातली एक मुलगी म्हणाली की मोठ्या बँका विषय बघत नाहीत, डोकं बघतात. बँका म्हणजे पासबुक भरून देणाऱ्या नव्हेत. कंपन्या विकत घेणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना सल्ला देणाऱ्या बँका. झालं, मी ठरवलं, फायनान्स! ठरवलं तेव्हा मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आणि गंमत म्हणजे आमच्या विद्यापीठात तो विषयच नव्हता. तत्त्वज्ञानाला ढीगभर प्राध्यापक, फायनान्सला एकही नाही. ज्याला त्या वाटेला जायचं असेल त्याने आपलं आपण शिकायचं.

मग आम्ही चार डोकी लायब्ररीच्या तळघरात जमायचो आणि एकमेकांना प्रश्न विचारायचो. एखाद्या कंपनीची किंमत कशी काढाल? नफा दिसतोय पण हातात पैसा नाही, असं कधी होतं? ही उत्तरं मी पाढ्यांसारखी पाठ केली. बाकीच्यांची मामा-काका मंडळी त्याच धंद्यातली होती. ते उत्तर विसरले तरी हसून वेळ मारून न्यायचे. मी विसरले की सावरून घ्यायला माझं कोणी नव्हतं. मग मी विचारणाऱ्याच्याच अंगावर जायचे, प्रश्नच नीट विचारला नाहीस म्हणून.

करिअर ऑफिसात एक बाई होत्या. त्या मुलाखतीची तालीम घ्यायच्या आणि मी दर वाक्यात 'आम्ही' म्हणते म्हणून कपाळाला हात लावायच्या. "कोण आम्ही? काम तू केलंस ना? मग 'मी' म्हण." आता आमच्या घरी जो सारखा 'मी, मी' करतो त्याला शहाणा समजत नाहीत, हे त्यांना कसं सांगायचं? शेवटी आरशासमोर उभी राहून 'मी केलं, मी ठरवलं, मी सांभाळलं' असं घोकत बसले. विद्यार्थ्यांचा एक गुंतवणुकीचा खेळ असायचा, त्यात खोटे-खोटे शेअर घेऊन ठेवायचे. माझ्या बायोडेटात त्याचं 'गुंतवणुकीचं व्यवस्थापन केलं' असं झालं. बाई म्हणाल्या, छान. मला मात्र तो कागद बघितला की धस्स व्हायचं. एक दिवस कोणीतरी खांद्यावर हात ठेवणार आणि म्हणणार, चल, तुझं सगळं कळलंय आम्हाला.

अशी तयारी करून मी शेवटच्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये घरी आले. एका परदेशी बँकेच्या मुंबई ऑफिसची मुलाखत होती. फोनवरच्या फेऱ्या पार पडल्या होत्या, आता समोरासमोरची राहिली होती. बाकी सगळीकडून नकार आले होते. ही एकच उरली होती. ही मिळाली तर मिळाली, नाहीतर जूनमध्ये रिकाम्या हाताने भाईंदरला येऊन त्या हळदीकुंकवाच्या बाईंना तोंड द्यायचं. ते मी एक वेळ दिलंही असतं, पण बाबांना कसं देणार? बाबा नुसतं "होईल गं" म्हणायचे आणि पेपर उलटा धरून बसायचे.

मी गॅलरीत फेऱ्या मारत उत्तरं पुटपुटायचे. समोरच्या दारात काकू राहायच्या. नात्यातल्या नव्हेत, पण मी पाचवीत असताना आम्ही ह्या बिल्डिंगमध्ये आलो तेव्हापासून दोन्ही घरांची दारं दिवसभर उघडीच असायची. त्या रत्नागिरीकडच्या. आवाज असा की खाली भाजीवाल्याशी चौथ्या मजल्यावरून भाव करायच्या. एकदा त्या आमच्या गॅलरीशी येऊन उभ्या राहिल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "कसलं स्तोत्र गो हे? रोज म्हणतेस. कोणाला पावतं?"

"पावलं तर सांगेन," मी म्हटलं.

काकूंना काही सांगायचं नाही, अशी आईची सक्त ताकीद होती. काकूंनाच कशाला, कोणालाच नाही. आमच्याकडे पक्कं झाल्याशिवाय चांगली गोष्ट तोंडातून काढत नाहीत, दृष्ट लागते. मुलाखतीला जायचं आहे हे बिल्डिंगमध्ये कोणालाही माहीत नव्हतं. सुट्टीला आलीये, एवढंच.

मुलाखतीच्या दिवशी आईने हातावर दही-साखर ठेवली, ती मी कशीबशी गिळली. काचेची खोली, समोर तिघं. किंमत काढायचे प्रश्न झाले, ते मी धडाधड म्हटले. मग त्यातल्या वयस्कर गृहस्थांनी माझा कागद उचलला आणि विचारलं, "ग्रीक नाटकं? त्यांचा आमच्याकडे काय उपयोग?" ह्या प्रश्नाचं पाठ केलेलं उत्तर होतं माझ्याकडे, ते साफ उडालं. मी म्हणाले, "त्या नाटकांत सगळे मोठे लोक फार खात्रीने बोलतात आणि शेवटी आपटतात. त्यामुळे मला खात्रीची भीती वाटते. मी आकडे दोनदा तपासते." तिघंही हसले. कौतुकाने हसले की कीव करून, ते मला घरी आल्यावरही कळलं नाही.

तीन-चार दिवसांनी त्यांच्या एच.आर.मधल्या बाईंचा फोन आला. निवड झाली होती. फक्त नेहमीची पडताळणी व्हायची होती, म्हणजे पत्ता, शिक्षण वगैरे खरं आहे की नाही हे बघतात, ते झालं की पत्र. आईने फोनला नमस्कार केला. बाबा खाली जाऊन पेढे घेऊन आले, पण आईने ते कपाटात लपवून ठेवले. पत्र येईपर्यंत कोणाला वाटायचे नाहीत!

आणि मग पुन्हा फोन आला. बाईंचा आवाज आधीसारखा नव्हता. पडताळणीत तफावत आली आहे, म्हणाल्या. कसली तफावत? ते त्यांना फोनवर सविस्तर सांगता येणार नव्हतं, पण शिक्षणाबद्दल आहे, आणि अजूनही काही गोष्टी आहेत. तुमचं विद्यापीठ आमच्या इथे कोणाला माहीत नाही, त्यांना ईमेल पाठवली तर नाताळची सुट्टी आहे असं उत्तर आलं. तुम्ही खरंच तिथे शिकता का, असा प्रश्न उभा राहिलाय. तोपर्यंत पत्र थांबवलंय.

मी फोन ठेवला आणि खाली बसले. कळलं यांना, हेच पहिलं डोक्यात आलं. ते खोटे-खोटे शेअर, ते 'व्यवस्थापन', सगळं कळलं. पण मी खरंच तिथे शिकते की नाही? ह्याचा अर्थ काय? मी चार वर्षं बर्फात कुठे होते मग? घाबरलेल्या माणसाला काहीही खरं वाटतं. क्षणभर मलाच वाटलं की मी तिथे नव्हतेच बहुतेक. बाबांनी कपाटातून माझ्या बालवाडीपासूनची सगळी प्रमाणपत्रं काढून पलंगावर मांडली. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेचं सुद्धा. आई देवापाशी बसली. त्या दिवशी आम्ही तिघं जेवलो की नाही ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू नारळाच्या वड्यांची ताटली घेऊन आल्या. चेहरा असा खुललेला की घरात काही कार्य असावं.

"वहिनी, आधी तोंड गोड करा," त्या आईला म्हणाल्या. "लपवून ठेवलंत तरी मला काय कळत नाही? मुलीचं जमवताय ना?"

आई म्हणाली, "कसलं जमवतोय?"

"आता कशाला आडपडदा? त्या दिवशी तुमच्याकडे कुलूप होतं, तेव्हा माणूस येऊन गेला चौकशीला. हेल्मेट, फाइल, शर्ट इन केलेला. मोठ्या घरचं स्थळ दिसतंय हो. हल्ली श्रीमंत लोक स्वतः येत नाहीत म्हणे, असा माणूस लावतात. बसवलं त्याला, कोकम सरबत दिलं. काळजी करू नका, मी सगळं झक्क सांगितलंय."

मी विचारलं, "काय सांगितलंत?"

"चांगलंच सांगितलं गो! म्हटलं, मुलगी एक दिवस आई-बापाला सोडून राहिलेली नाही. अमेरिकेचं नावसुद्धा काढलं नाही. एकटी मुलगी चार वर्षं तिकडे म्हटल्यावर लोक काय वाटेल ते बोलतात. तो विचारत होता, परदेशात असते ना? म्हटलं, कोणी सांगितलं तुम्हाला? दहिसरच्या कॉलेजात जाते रोज. वय पण दोन वर्षांनी उतरवलं. मग नोकरीचं खोदून खोदून विचारायला लागला. तेव्हाच ओळखलं मी, ह्यांना नोकरीवाली सून नकोय. म्हटलं, छे हो, तिला नोकरीची काडीची हौस नाही. स्वयंपाकात रमते."

स्वयंपाकात रमते! मी!

त्यानंतर मी जे बोलले ते सगळ्या मजल्याने ऐकलं. तुम्हाला कोणी शहाणपणा सांगितला होता, अख्ख्या भाईंदरची लग्नं जुळवायचा ठेका घेतलाय का, तो माणूस बँकेचा होता, माझी नोकरी गेली तुमच्यामुळे, आता मी काय करू, सांगा ना, काय करू? काकूंच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला. मग त्यांनी ताटली आमच्या चपलांच्या स्टँडवर ठेवली, घरात गेल्या आणि दार लावून घेतलं. ते दार दिवसा लावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

आईने मला आत ओढलं. मला वाटलं, ओरडणार. पण ती हळू आवाजात म्हणाली, "तिच्या मुलीचं लग्न एकदा मोडलं होतं, माहितीये तुला?" मला माहीत नव्हतं. काकूंची मुलगी नाशिकला असते, तिला दोन मुलं आहेत, एवढंच मला ठाऊक. आई म्हणाली, ते लोक कांदिवलीच्या चाळीत होते तेव्हा मुलीचं ठरलं होतं, पत्रिका छापून आल्या होत्या. मुलाकडचा माणूस चौकशीला आला. शेजारणीने खरं ते सांगितलं, की मुलीला लहानपणी फिट यायच्या. बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण स्थळ परत गेलं. पोरगी वर्षभर घराबाहेर पडली नाही. चाळ सोडून हे लोक इकडे आले ते त्यामुळे. तेव्हापासून काकूंचं ठरलेलं आहे, चौकशीच्या माणसाला खरं सांगायचं नाही, बरं सांगायचं.

ऐकून मला वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, त्या वेळी वाईट कमी आणि भीतीच जास्त वाटत होती. मी बँकेत फोन लावला. एच.आर.च्या बाईंना सगळं सांगितलं. माझ्या शेजारणीला तुमचा माणूस लग्नाची चौकशी करतोय असं वाटलं, हे वाक्य इंग्रजीत म्हणताना माझी जीभ सतरांदा अडखळली. मग त्या मराठीतच म्हणाल्या, "अगं बाई." पुन्हा गंभीर होऊन म्हणाल्या, माणूस परत पाठवते, पण हे एकदाच. शेजाऱ्यांचं म्हणणं दुसऱ्यांदाही जुळलं नाही तर माझ्या हातात काही नाही.

म्हणजे सगळं आता काकूंच्या तोंडावर होतं. आणि काकू दार उघडेनात. आई जाऊन आली, आतूनच उत्तर आलं, "मला बरं नाही." शेवटी मी गेले. दाराबाहेरूनच म्हटलं, "काकू, मी आहे." कडी निघाली. आत त्यांनी पिशवी भरायला घेतली होती.

"मी चार दिवस गावाला जाते," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाला विचारा म्हणावं. मला पोलिसात नेतील का गो? बँकेचं काम म्हणजे पैशाचं. मी तर तोंडाला येईल ते बोलले."

एकाच पातळाची घडी त्या सारखी मोडून घालत होत्या. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. "कोणी कुठे नेत नाही," मी म्हटलं. "तुम्ही फक्त खरं सांगा."

"चौकशीत? मला नाही जमत ते. आणि एकदा खरं सांगायला घेतलं की सगळंच येतं बाहेर, अर्धं खरं मला बोलता येत नाही. मग नंतर माझ्या नावाने बोंबलशील."

"नाही बोंबलणार. सगळं सांगा."

त्यांनी पिशवीतून एक पातळ काढून परत कपाटात ठेवलं.

माणूस दुसऱ्यांदा आला तेव्हा आम्ही सगळे घरातच होतो. तोच, हेल्मेटवाला. काशीगावला राहतो म्हणाला, बाबांनी विचारल्यावर. आमचे कागद त्याने पाहिले, मग म्हणाला, शेजाऱ्यांशी बोलताना तुम्ही समोर नको. मी आणि आई आमच्या दारामागे उभ्या राहिलो. दार किलकिलं होतं, शब्दन्‌शब्द ऐकू येत होता. आईने माझा हात धरला होता, आणि दोघींपैकी कोणाचा हात घामाने ओला झालाय हे कळत नव्हतं.

"मावशी, त्या दिवशी तुम्ही मला सांगितलं..."

"त्या दिवशीचं सोडा. आज विचारा."

"बरं. उमेदवार ह्या पत्त्यावर राहतात?"

"चार वर्षं झाली, राहत नाही. सुट्टीला येते. ती पण दर वर्षी येत नाही, तिकीट महाग आहे. आई-बाप राहतात."

गेली नोकरी! पण कागदावर पेन चालल्याचा आवाज येत राहिला.

"शिकतात कुठे?"

"अमेरिकेत. कॉलेजचं नाव मला बोलता येत नाही. पण हे लोक घरी नसले की तिथलं टपाल मीच सही करून घेते. चार वर्षं घेतेय."

"विषय काय?"

"नाटकं आणि मडकी. पैशाचं पण काहीतरी असणार, गॅलरीत सारखी ते पुटपुटते."

आईच्या खांद्याला हादरा बसला. ती हसत होती की रडत होती, मी मान वळवून बघितलंच नाही.

"आधी कुठे नोकरी?"

"नाही. पण करायचीये तिला. त्या दिवशी मी हौस नाही म्हटलं ते साफ खोटं. आणि स्वयंपाकाचं पण खोटं होतं, चहासुद्धा धड करता येत नाही तिला, ते पण लिहून घ्या."

"ते नको मावशी. वागणूक कशी आहे? भांडणतंटा?"

"भांडते ना. सगळ्यांशी भांडते. परवा माझ्याशीच भांडली, विचारा बिल्डिंगमध्ये कोणालाही."

मी डोळे मिटून घेतले. संपलं सगळं. एवढं पाठांतर, ती काचेची खोली, ते 'मी, मी' घोकणं, सगळं ह्या जिन्यात संपलं.

"म्हणजे तुमची तक्रार आहे का काही?"

"तक्रार नाही ओ," काकू म्हणाल्या. "पण सगळं खरं सांगायचं म्हणून सांगते. ती फार भित्री आहे. शाळेत होती तेव्हा परीक्षेच्या दिवशी सकाळी माझ्याकडे येऊन बसायची. बोलायची नाही, नुसती थरथर कापायची. घरी सांगू नका म्हणायची, त्यांना काळजी वाटेल. पाणी प्यायची, तोंड धुवायची आणि जायची. अमेरिकेला गेली त्या दिवशीही आली होती. ती ओरडते ना, ते भीतीने ओरडते. लोकांना वाटतं पोरगी उद्धट आहे. तुम्ही त्या बँकेत सांगा, तिच्यावर कोणी आवाज चढवू नका. हळू सांगितलं की ती सगळं करते."

आईने माझा हात सोडला. ती माझ्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत मी तिला ते कळू दिलं नव्हतं, आणि आता लपवायला जागा नव्हती. दारामागे जागा ती किती असते? मी भिंतीकडे तोंड केलं.

बाहेर तो माणूस घसा खाकरून म्हणाला, "मावशी, ह्याला फॉर्मात रकाना नाही."

"मग बाजूला लिहा," काकू म्हणाल्या.

त्याने लिहिलं की नाही, ते मला दिसलं नाही. पडताळणी पूर्ण झाल्याचा फोन आला, पत्र आलं, आणि कपाटातले पेढे निघाले तेव्हा ते इतके कडक झाले होते की बाबांनी खलबत्त्यात कुटून वाटले. जूनमध्ये पदवी घेऊन मी परत आले आणि कामाला लागले.

पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून एका तक्त्यात चूक झाली. साहेब भर मजल्यावर सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडला, असा ओरडला की पलीकडच्या रांगेतल्या लोकांनी माना खाली घातल्या. म्हणजे त्या माणसाने लिहिलं नव्हतं. मला उलट उत्तर द्यायचं होतं, आयुष्यभर तेच तर केलं होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. मी जिन्यात गेले. मोबाइल काढला, आणि बोटांनी घरचा नंबर लावायच्याऐवजी समोरच्या घरचा लावला.

"काकू," मी म्हटलं, आणि पुढे काही बोलताच येईना.

मग त्यांचा तो चौथ्या मजल्यावरून भाव करणारा आवाज आला.

"कोण ओरडला? कोण तो मेला? राहतो कुठे?"